ईश्वरीच्या वेळचे वीस तास

"पहिल्या वेळी कळा आल्या होत्या का?" डॉक्टर मगदूमबाईंनी मला विचारलं आणि उत्तर माझ्या सासूबाईंनी दिलं.

"न्हाई डॉक्टर, कळा आल्याच न्हाईत तिला. तारखेच्या आदीच ठरवून केलं सिझर. नाळ गळ्याभवती व्हती म्हणं."

डॉक्टरबाईंनी पेन थांबवलं आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. पन्नाशीच्या बाई, बोलायला तोडून. विट्यातल्या निम्म्या पोरी त्यांच्या हातावर जन्मलेल्या, त्यामुळे सगळ्यांना एकेरीच बोलायच्या.

"तू सांग गं. पोटुशी तू आहेस का सासूबाई?"

आत्या हसल्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. मीही हसले आणि म्हणाले, "ठरवूनच केलं, मॅडम."

त्यांनी कार्डावर निळ्या शाईत एक ओळ लिहिली, माझं वजन घेतलं, गोळ्या दिल्या आणि पुढच्या वेळी पहिल्या बाळंतपणाचा कागद घेऊन ये म्हणून सांगितलं. बाहेर पंचवीस बायका बसल्या होत्या. आम्ही उठलो. जेमतेम पाच मिनिटांचं काम. नऊ वर्षं झाली त्याला, पण ती खोली, भिंतीवरचं गुबगुबीत बाळाचं कॅलेंडर आणि माझं ते हसणं, सगळं अजून लख्ख आठवतं. हसण्याचा मला जास्त राग येतो.

कारण मी खोटं बोलले होते. ईश्वरीच्या वेळी मला वीस तास कळा आल्या होत्या.

आता हे खोटं आलं कुठून ते सांगते. माझं माहेर करमाळ्याचं. वडील मी कॉलेजात असतानाच गेले. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका, तिनं एकटीनं मला वाढवलं, शिकवलं आणि थाटात लग्न लावून दिलं. विट्याकडच्या गलाईवाल्यांचं स्थळ आलं तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. गलाईवाले म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून देणारे. आमच्या भागातली माणसं या धंद्यापायी मुलूखभर पसरलेली आहेत. माझे यजमान धैर्यशील, त्यांचं दुकान केरळात, त्रिशूरला.

लग्नाच्या बोलणीत आत्यांनी सहज विषय निघाला म्हणून आपली बाळंतपणं सांगितली होती. चार लेकरं, चारही घरी. थोरल्याच्या वेळी कळा सुरू झाल्यावर त्यांनी आधी जावेकडून वेणी घालून घेतली, म्हणाल्या, नंतर आठ दिवस कोण घालतंय, आणि मग आत गेल्या. सगळे हसले. आईही हसली, पण ती वेणी तिच्या मनात रुतून बसली. घरी आल्यावर मला म्हणाली, "तुझी सासू खमकी आहे हो."

पहिलं बाळंतपण माहेरी असतं, तसं मी सातव्या महिन्यात करमाळ्याला गेले. दिवस भरले, कळा सुरू झाल्या आणि थांबेनातच. एक सकाळ, एक दुपार, एक रात्र आणि मग पहाट. पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं तरी बाळ येईना. दोन तास जोर लावला. शेवटी मीच ओरडले, फाडा मला पण बाळाला काढा. अख्ख्या दवाखान्यानं ऐकलं. ऑपरेशन टेबलावर बाळाचं डोकं इतकं खाली अडकलेलं होतं की एका सिस्टरनं खालून हात घालून ते वर ढकललं, तेव्हा ईश्वरी निघाली. मला ते ढकलणं कळत होतं. दुखत नव्हतं, पण कळत होतं.

मला वाईट कशाचं वाटलं म्हणाल तर त्या ओरडण्याचं. मी जात्याच मानी. शाळेत छड्या खाताना रडले नव्हते, आणि इथं चार परक्या माणसांसमोर हात जोडले. आईला ते माझ्याहून जास्त लागलं होतं. बारशाला सासरची माणसं आली, सत्तावीस जण, दोन गाड्या भरून. कुणीतरी विचारलं सिझर का झालं, तर आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाळ गळ्याभोवती होती. डॉक्टरांनी तारखेआधीच ठरवून केलं. कळा येऊच दिल्या नाहीत."

मी पाळण्याजवळ बसले होते. काही बोलले नाही. बोलून आईला चार बायकांत तोंडघशी पाडायचं होतं का? आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. त्या एका वाक्यात माझे वीस तास गेले आणि ते ओरडणंही गेलं. यजमान पाचव्या दिवशी त्रिशूरहून आले होते, त्यांनाही आईनं तेच सांगितलेलं. पुढं तीन वर्षं घरात तेच चालत राहिलं. इतकं की कधी कधी मलाही वाटायचं, खरंच ठरवूनच झालं असेल.

दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा आम्ही त्रिशूरला होतो. दुसरं बाळंतपण सासरी. ईश्वरीला घेऊन मी गावाकडे आले.

आमच्या गावात बंगले बघून नवखा माणूस चकित होतो. दोन दोन मजले, संगमरवर, गच्चीवर सिमेंटचा गरुड, आणि आत बघावं तर एखादी म्हातारी. बाकी सगळे दूर दुकानांवर. आमच्याही घरात नऊ खोल्या होत्या आणि माणसं तीन: आत्या, मी आणि तीन वर्षांची ईश्वरी. सहा खोल्या बंदच असायच्या. त्रिशूरला दोन खोल्यांत होतो तेव्हा शेजारच्या बाईच्या मिक्सरचा आवाज यायचा, भाषा कळत नसली तरी माणूस असल्याचं कळायचं. इथं दुपारी आत्या झोपल्या की मला माझ्याच बांगड्यांचा आवाज ऐकू यायचा. हॉलमध्ये यजमानांनी आणलेलं मोठं घड्याळ होतं, तेवढीच सोबत.

आत्यांशी माझं भांडण नव्हतं. तोंडानं फटकळ बाई, पण मनात काही नसायचं. सातवीपर्यंत शिकलेल्या, रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचायच्या. दुपारी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत बसायच्या, येणाऱ्या बाळासाठी. पण त्या शिवायला बसल्या की मला ती वेणी आठवायची आणि मी उठून आत जायचे. त्यांना माझं हे आत जाणं कसं वाटत असेल हे मी कधी विचारात घेतलं नाही.

डॉक्टरबाईंनी कागद मागितला होता म्हणून मी आईला फोन केला.

"कागद आहे," आई म्हणाली. "पण त्यावर सगळं लिहिलंय वर्षा. किती तास, काय काय. तुझ्या सासूबाईंना वाचता येतं."

"मॅडमनी मागितलाय."

"त्यांना काय करायचंय जुन्याचं? सिझर ते सिझर. आता परत सिझरच होणार ना? मग झालं तर. हरवला म्हणून सांग."

मी सांगितलं हरवला. तेही आत्यांसमोर, पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीच्या दिवशी. डॉक्टरबाई वैतागल्या. "कागद जपता येत नाहीत तुम्हाला. लग्नातले फोटो बरे जपता." मग परत एकदा विचारलं, "पण कळा नव्हत्या ना? नक्की?" मी नक्की म्हणाले. आत्या शेजारच्या खुर्चीवर पिशवीचा बंद चाळवत बसल्या होत्या. या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. बाळ चांगलं होतं. पडद्यावर त्याचा पाठीचा कणा दिसला, मण्यांच्या माळेसारखा. मी घरी येईपर्यंत तेच आठवत होते.

दोन वेळा विचारलं बाईंनी. दोन्ही वेळा मी आत्यांकडे बघितलं आणि खोटं बोलले.

तेविसावा आठवडा लागला आणि ओटीपोटात काहीतरी जड वाटायला लागलं. दुखत नव्हतं. खाली कुणी हात लावून बसलंय असं वाटायचं. कंबर धरायची. पांढरं पाणी जायचं. आत्यांना सांगितलं तर म्हणाल्या, दुसऱ्या खेपेला पोट खालीच उतरतं, पाय वर करून पड. पडले. फोनवर यजमान म्हणाले, डॉक्टरना दाखव ना, मी त्यांना म्हटलं, काही नाही हो, उगाच. ईश्वरीच्या वेळी जोर लावताना जसं खाली भरून आलं होतं, तसं हे होतं. मला ते ओळखू येत होतं. पण ते ओळखू येतं असं म्हणायचं, तर आधी ते कधी अनुभवलं हे सांगावं लागणार होतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी ईश्वरीला आत्यांपाशी ठेवलं आणि केस कापायचं निमित्त सांगून वडापच्या जीपनं एकटी विट्याला गेले. दवाखान्यात नंबर लावला. आत गेले आणि शेजारची खुर्ची रिकामी बघून मला एकदम रडूच आलं.

"मॅडम, मी खोटं बोलले होते. कळा आल्या होत्या. वीस तास. तोंड पूर्ण उघडलं होतं, दोन तास जोर लावला, मग सिझर केलं."

डॉक्टरबाई रागावतील असं वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत, लगेच उठल्या. "झोप इथं," म्हणाल्या. आतून सोनोग्राफी केली. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या, मग माझी साडी स्वतःच्या हातानं सारखी केली. तेव्हा मला कळलं की काहीतरी वाईट आहे.

"बघ वर्षा," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या, "कळा पूर्ण येऊन गेल्यावर सिझर होतं ना, तेव्हा पिशवीचं तोंड वर ओढलं जाऊन पातळ झालेलं असतं. डोकं खाली अडकलेलं असतं. तेव्हा छेद तोंडाच्या जवळ जातो, कधी फाटतोही. अशा बाईचं पुढच्या खेपेला तोंड वेळेआधी उघडायची शक्यता वाढते. ठरवून केलेल्या सिझरला ही भीती तेवढी नसते. म्हणून मी विचारते."

"मला वाटलं, तुम्ही नुसतं लिहायला विचारताय."

"सगळ्यांचं होत नाही. बहुतेकींचं काही होत नाही. पण मला ठाऊक असतं तर सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी मी आतून तोंडाची लांबी मोजत राहिले असते. कमी होताना दिसलं असतं. औषध दिलं असतं, तोंडाला टाका घालायचा का ते बघितलं असतं." त्यांनी माझं कार्ड पुढं ओढलं. "त्यानं थांबलं असतंच असं मी म्हणत नाही. कदाचित."

ते 'कदाचित' मी नऊ वर्षं सांभाळून आहे.

तोंडाची लांबी बारा मिलिमीटरच राहिली होती आणि ते आतून उघडायला लागलं होतं. त्यांनी मला घरी पाठवलं नाही, त्यांच्याच गाडीनं सरळ सांगलीला पाठवलं, जिथं कमी दिवसांच्या बाळांसाठी काचेच्या पेट्या होत्या. आत्यांना फोन त्यांनीच केला. माझे केस कापायचे राहिलेच.

सांगलीला मी तेरा दिवस पाठीवर पडून होते. पलंगाचं पायाकडचं टोक विटा घालून उंच केलेलं. उठायचं नाही, बसायचं नाही. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी टाका घालायचा विचार केला आणि उशीर झालाय म्हणून सोडला. यजमानांना मीच म्हटलं, येऊ नका, बाळंतपणाला यायचंच आहे, दोनदा दुकान कशाला बंद ठेवता. ते खरंच आले नाहीत आणि मला त्याचाही राग आला. आत्या ईश्वरीला शेजारणीकडे ठेवून एक दिवसाआड एसटीनं यायच्या, भाकरी आणि मोसंबी घेऊन. बाकी वेळ मी आणि छतावरचा पंखा. पोटात बाळ हलायचं. मी त्याला दिवस मोजून दाखवायचे. डॉक्टर म्हणाले होते, अठ्ठावीस आठवडे गाठू या, मग बघू. प्रत्येक सकाळ झाली की मी म्हणायचे, आणखी एक झाला बघ.

पाचव्या दिवशी आई आली. पॉलिथिनच्या पिशवीत गुंडाळून करमाळ्याचा कागद घेऊन आली होती. डॉक्टरांनी फोन करून मागवला होता. आत्याही त्या दिवशी होत्या. दोन विहिणी माझ्या पलंगाच्या दोन बाजूंना बसल्या, एकमेकींना पाणी विचारलं, प्रवास कसा झाला विचारलं. तेवढ्यात राउंड आला आणि एका तरुण डॉक्टरनं कागद हातात घेऊन मोठ्या डॉक्टरांना वाचून दाखवायला सुरुवात केली. इंग्रजीतलं लगेच मराठीत सांगत होता, बहुतेक माझ्यासाठी.

"आधीचं सिझर कळा चालू असताना. एकूण वीस तास. तोंड पूर्ण उघडलेलं. दोन तास जोर लावूनही डोकं अडकलेलं, खालून ढकलून काढलं. छेद डावीकडे फाटला होता, शिवला."

आईनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी आत्यांकडे बघितलं. त्या स्टुलावर बसून मोसंबी सोलत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. साल अखंड निघाली, त्यांनी ती कागदावर ठेवली आणि पहिली फोड आईपुढे केली.

"घ्या विहीणबाई. उन्हातनं आलासा."

मला वाटलं, ऐकलं नसेल. किंवा कळलं नसेल.

तेराव्या दिवशी दुपारी जेवणाची गाडी वॉर्डात आली तेव्हा पाणी गेलं. मी सिस्टरला हाक मारली. त्यानंतर सगळं इतकं भराभर झालं की घाबरायलाही सवड मिळाली नाही. पाऊण तास. ताकद लावावीच लागली नाही. पंचविसावा आठवडा, मुलगा, सातशे चाळीस ग्रॅम. सिस्टर माझ्या कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, "नॉर्मल झाली बाई तुमची." तिनं चांगल्या मनानंच म्हटलं. सासरमाहेरच्या सगळ्यांना माझं जे बाळंतपण हवं होतं ते असं झालं.

तो सहा दिवस जगला. मला चाकाच्या खुर्चीतून पेटीजवळ नेत. काचेला भोकं होती, त्यातून एक बोट आत घालायची परवानगी होती. त्याचा अख्खा हात माझ्या नखावर मावायचा. पेटीला चिठ्ठी लावली होती, 'बेबी ऑफ वर्षाराणी'. नाव ठेवलं नाही. बारशाला उशीर होता. दुसऱ्या दिवशी यजमान आले, त्यांनी काचेला हात लावला आणि ते तसेच उभे राहिले. ते रडले, मी रडले नाही. मला वाटत होतं की रडायचा हक्क खरं बोललेल्या माणसाला असतो.

सहाव्या दिवशी सकाळी दहा वाजता डॉक्टरांनी नळ्या काढून त्याला माझ्या मांडीवर दिलं. पहिल्यांदाच. आत्यांनी शिवलेल्या गोधडीत गुंडाळलं, तर ती त्याला चारपट मोठी झाली.

बाळाला जाऊन तेरा दिवस झाल्यावर यजमान त्रिशूरला गेले. जायच्या आदल्या दिवशी त्यांना सगळं सांगावं असं फार वाटलं. पण ते बॅग भरत होते आणि मध्येच शर्ट हातात धरून बसून राहत होते, मला धीर झाला नाही. आई करमाळ्याला गेली. जाताना तिनं नुसतं डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. आईचं डोकं इतकं हलकं असेल असं मला वाटलं नव्हतं. मग परत नऊ खोल्या आणि आम्ही तिघी. दूध यायचं थांबेना. मी मोरीत जाऊन पिळून टाकायचे आणि नळ सोडून ठेवायचे.

महिना झाला असेल. दुपारची वेळ होती. ईश्वरी झोपली होती. आत्या हॉलमध्ये खाली बसून ती गोधडी उसवत होत्या. एक एक टाका कातरीच्या टोकानं उचलून काढायच्या आणि दोरा बोटाला गुंडाळायच्या. मी दारात उभी राहून बघत होते. आत जायला वळलेही. मग परत फिरले आणि त्यांच्यासमोर खाली बसले.

"आत्या, मी खोटं बोलले. डॉक्टरबाईंशी आणि तुमच्याशीही. ईश्वरीच्या वेळी कळा आल्या होत्या मला. सांगलीत त्या डॉक्टरनं वाचलं ते तुम्ही ऐकलंत का, ठाऊक नाही. मी आधी सांगितलं असतं तर कदाचित तो..."

"मला ठावं हाय," आत्या म्हणाल्या. टाका उचलायचं थांबलं नव्हतं.

"सांगलीत ऐकलंत ना."

"सांगलीत न्हाई. बारशादिवशीच. करमाळ्याच्या दवाखान्यातली एक आया लुगडं घ्यायला आली व्हती तुमच्या घरी. मला म्हणली, तुमच्या सुनंनं लई सोसलं ओ, वीस तास. तुझ्या आईनं तिकडं काय सांगितलं ते तिला ठावं नव्हतं."

"मग... मग डॉक्टरबाईंना तुम्ही कळा आल्याच नाहीत म्हणून का सांगितलंत?"

आता त्यांनी कातर खाली ठेवली.

"तुझ्या आईनं चार बायकांत सांगितलेलं. एकट्या बाईनं लेक वाढवली, तिचा शब्द मी परक्या डाक्टरपुढं खाली पाडू? आन् तू बी तवा गप बसलीस. म्हटलं, पोरीला ते बोलायचं नसंल, तर आपणच बोलून मोकळं व्हावं. तुझी सुटका केली मी. मला वाटलं, सुटका केली."

"मला वाटायचं तुम्ही मला नावं ठेवाल. तुमची ती वेणी..."

"कसली वेणी?"

मी सांगितली. त्यांना आठवेचना. मग आठवली, तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला.

"आगं, चार माणसांत हसू यावं म्हणून सांगितलं व्हतं ते. मला चौघं झाली, वीस तास एकाला बी लागलं न्हाईत. आयाचं ऐकलं आन् घरी यिऊन मी देवाला साखर ठेवली, पोरगी वाचली म्हणून. तुला बोलायचं मनात लई खेपा आलं. पण तू आपली आत निघून जायचीस. म्हटलं, हिला नको असंल."

आमच्या दोघींच्या मध्ये ती अर्धी उसवलेली गोधडी. तीन बायका, तिघींनाही सगळं ठाऊक, आणि तिघींनी ते एकमेकींपासून जिवापाड जपलं. ज्या एका बाईला ते सांगायला हवं होतं, तीच तेवढी बाहेर राहिली होती. मला कुणाचा राग करावा ते कळेना. आईचा करावा तर तिनं माझ्यासाठी केलं, आत्यांचा करावा तर त्यांनी आईसाठी केलं. माझा मी करत होतेच.

"आता सांग," आत्या म्हणाल्या. "कसं झालं व्हतं त्या वक्ताला? समदं सांग. मी ऐकते."

कुणीच विचारलं नव्हतं तोपर्यंत. तीन वर्षांत कुणीच नाही. मी सांगायला सुरुवात केली. पहिली कळ सकाळी चहा गाळताना आली ती, दुपारी कॉटचा लोखंडी गज धरून उभी राहिले ती, रात्रभर आईचं मनगट धरलं त्याचे वळ, पहाटे बाळाचे केस दिसतायत म्हणून सिस्टर म्हणाली आणि मग दिसेनासे झाले ते. माझं ओरडणं, शब्द न् शब्द. हात जोडले ते. खालून कुणाचा तरी हात, ते ढकलणं, आणि मग ईश्वरीचं रडणं. आत्यांनी माझा पाय मांडीवर घेतला होता आणि त्या पोटरी दाबत होत्या, जसं बाळंतिणीची दाबतात. मी काही वगळलं नाही. सांगता सांगता मला रडू आलं, सहा दिवसांत आलं नव्हतं ते.

सांगून झालं. सगळं, वीसच्या वीस तास. डोळे पुसून मी वर घड्याळाकडे बघितलं. दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.